दुसरा बाप्तिस्मा

मराठीच्या प्राध्यापकाकडे कोण काय घेऊन येईल, नेम नाही. कुणी लग्नपत्रिका तपासून नेतो, कुणी बारशासाठी नाव मागतो. गेल्या नाताळाच्या सुमारास मात्र एका माजी विद्यार्थिनीचे वडील आले ते चक्क धर्मप्रश्न घेऊन!

"सर, तुम्ही कॅरीसाहेब शिकवता ना? मग आता तुम्हीच सांगा."

घराणं बॅप्टिस्ट. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं तेलंगणातून नांदेडला आले अन् इथलेच झाले. मुलीचं लग्न लातूरच्या मेथडिस्ट मुलाशी ठरलेलं. दोघंही ख्रिस्ती, मग अडलं कुठं? मेथडिस्ट तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांचं म्हणणं, जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून, पूर्ण पाण्यात बुडून घेतला तोच खरा. तेव्हा जावयानं पुन्हा घ्यायचा का?

एरवी हे घरातच मिटलं असतं. पण गोतावळ्याचा व्हॉट्सॲप ग्रुप हनमकोंड्यापासून दुबईपर्यंत पसरलेला. ज्यांनी वर्षानुवर्षं नांदेडचं तोंड पाहिलं नव्हतं, ते रोज रात्री तिथं बॅप्टिस्टपणाची राखण करीत होते!

मी सांगितलं ते पुस्तकातलं. विल्यम कॅरींचा तान्हेपणीच बाप्तिस्मा झाला होता. तरी १७८३ साली त्यांनी इंग्लंडात नेन नदीत तो पुन्हा घेतला. जोडे शिवणारा हा माणूस १७९३ मध्ये बंगालात आला आणि श्रीरामपुरात (अहिल्यानगरकडचं नव्हे, कोलकात्याजवळचं) वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं, कोश १८१० साली. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो. पण 'बॅप्टिस्ट' हा शब्द काही परीक्षेला येत नाही. ती मुलगी तीन वर्षं माझ्यासमोर बसली आणि मी तो एकदाही उच्चारला नाही.

वडील खूश झाले. कॅरी त्यांच्या बाजूचे निघाले ना! मग मी नागपूर काढलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथं 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. उत्तरेतले बॅप्टिस्ट त्यात गेले, ते दोन्ही तऱ्हेचे बाप्तिस्मे चालतील या बोलीवर. बहुतेक मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. गृहस्थांचा चेहरा पुन्हा उतरला.

पुढच्या रविवारी लातूरची मंडळी आली. मलाही बोलावणं होतं. टीपॉयवर ठेवलेला फोन सारखा गुरगुरत होता आणि वडील एकेक निरोप मोठ्यानं वाचून दाखवीत होते. मुलगा मान खाली घालून बसलेला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "फोनातलं राहू द्या की. बाळा, तुला काय वाटतंय ते तू सांग."

मला वाटतं, त्या खोलीत खऱ्या बॅप्टिस्ट तेवढ्या एकट्याच होत्या.

मुलगा म्हणाला, "आजी, मला अजून कळलेलं नाही."

"मग पाण्यात कशाला उतरतोस? करंजी घे."