तीन मिनिटांची तबकडी

मुलांनो, आपल्या आर्णीत बाबा कंबलपोष यांचा उरूस भरतो, तेव्हा रात्री कव्वाली ऐकायला तुम्हीही जाता. थोड्या वेळाने लहान मुले तिथेच सतरंजीवर झोपी जातात आणि मोठी माणसे त्यांना उचलून घरी आणतात. कर्नाटकातील गदग गावातही असाच एक मुलगा होता. फरक एवढाच की, त्याला शोधायला कधी कधी पोलिसांकडे जावे लागे!

त्याचे नाव भीमसेन जोशी. जन्म १९२२ सालचा. दारावरून भजनाची दिंडी किंवा बँडची मिरवणूक गेली की तो तिच्यामागे चालू लागे आणि थकला की जिथे असेल तिथे झोपे. त्याचे वडील शिक्षक होते. शेवटी त्यांनी मुलाच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले. मग लोक त्याला घरी आणून सोडू लागले. मीही मास्तरच आहे, म्हणून ही युक्ती मला फार आवडते.

एके दिवशी त्याने ग्रामोफोनवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरी ऐकली. ग्रामोफोन म्हणजे चावी भरून चालणारे गाण्याचे यंत्र. त्यावर काळी तबकडी फिरे आणि सुई टेकवली की गाणे वाजू लागे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीत जो राग तासभर चालतो, त्यातले तीन मिनिटांत काय ऐकू येणार? पण भीमसेनला पुरेसे ऐकू आले. आपल्यालाही असेच गायचे आहे, असे त्याने ठरवले.

खाँसाहेब किराणा घराण्याचे गायक. हे किराणा म्हणजे वाण्याचे दुकान नव्हे! उत्तर प्रदेशातील कैराना या गावावरून हे नाव पडले. घराणे म्हणजे उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आलेली गाण्याची रीत. एकेक स्वर सावकाश, गोडव्याने फुलवणे ही किराणा घराण्याची खूण आहे. उस्ताद, शागीर्द, रियाज, ख्याल, मैफल हे शब्द तुम्हाला घरचेच वाटतील. मराठी संगीतातही ते तसेच वापरतात.

१९३३ साली, अकरा वर्षांचा भीमसेन गुरूच्या शोधात घरातून पळाला. खिशात पैसे नव्हते. आगगाडीत गाणी म्हणत तो ग्वाल्हेरला आणि पुढे कितीतरी गावांना भटकला. आईवडिलांचे या काळात काय झाले असेल? गोष्ट सांगणारे तिथे फारसे थांबत नाहीत. जालंधरला त्याला विनायकराव पटवर्धन भेटले. ते म्हणाले, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व राहतात, त्यांच्याकडे शिक. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शागीर्द! ज्या आवाजासाठी मुलगा पंजाबपर्यंत गेला, त्याची रीत शेजारच्या गावातच होती.

१९३६ पासून तो कुंदगोळला राहिला. गुरूंनी लगेच गाणे शिकवले नाही. आधी पाणी भरणे आणि घरची कामे. मग तोडी, मुलतानी आणि पुरिया हे तीनच राग वर्षानुवर्षे घोटून घेतले.

त्याच्या घरची भाषा कानडी होती. मराठी नंतर शिकलेली, तुमच्यासारखीच. तरी त्यांचे मराठी अभंग महाराष्ट्रात घरोघरी ऐकले गेले. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव भरवला. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

खाँसाहेब मात्र १९३७ सालीच वारले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी तिथे गाण्याची मैफल होते आणि दूरदूरचे कलावंत येऊन गातात.