दिवाळीच्या खरेदीला सांगलीला जाताय? 2019 मध्ये दुकानं उघडली, पण पूर सरला नव्हता

बेळगाव : चिकोडी, अथणी, रायबागच्या माणसाला सांगली-मिरज परकी नाही. दवाखान्याला मिरज आणि बस्त्याला सांगली, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. 2019 च्या दिवाळीलाही लोक जाणारच होते. पण ऑगस्टच्या महापुराला अडीच महिने होत आले तरी तिथली बाजारपेठ सावरलेली नव्हती. निम्मी रिकामी फळी आणि भिंतीवरची ओल पाहून अनेकांना प्रश्न पडला होता, पाणी गेलं, मग अडलंय कुठं?

पाणी थांबलं का?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या महापुरातही ते इतकं चढलं नव्हतं. त्यामुळे 2005 ची खूण धरून ज्यांनी माल वर ठेवला, त्यांचाही अंदाज चुकला. त्यात वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला. तिन्ही नद्या एकदम भरल्या की पुढचं पाणी सरकत नाही आणि मागचं शहरात तुंबतं. गणपती पेठ, मारुती चौक, स्टँड परिसर कित्येक दिवस पाण्यात राहिला. तासाभरात ओसरणारं पाणी माल भिजवतं, आठवडाभर बसलेलं पाणी माल कुजवतं.

पैसा कुठं अडकला?

समजा, एका कापड दुकानदाराचा 10 लाखांचा माल गेला. खरेदीवर त्यानं 5 टक्के जीएसटी भरलाय, म्हणजे 50 हजार. माल विकला असता तर हा कर वळता झाला असता. पण नष्ट झालेल्या मालावर ही सवलत कायद्यानं मिळत नाही, घेतली असेल तर परत करावी लागते. 2019 च्या पुरानंतर छोट्या दुकानदाराला सरकारी मदत जास्तीत जास्त 50 हजार होती. म्हणजे एका हातानं आलं, दुसऱ्या हातानं गेलं.

विमा असला तरी मेख आहे. माल 20 लाखांचा आणि हप्ता वाचवायला विमा 10 लाखांचाच उतरवला असेल, तर 8 लाखांच्या नुकसानीला साधारण 4 लाखच मिळतात. विमा निम्म्याचा, तर भरपाईही निम्मीच.

तिसरी अडचण बँकेची. कॅश क्रेडिटची उचल दुकानातल्या साठ्यावर ठरते. साठाच नाही म्हटल्यावर उचल कमी होते, आणि नवा माल भरायला तर तीच लागते. होलसेलवाल्याची जुनी उधारीही पाण्याबरोबर वाहून जात नाही.

जाताना काय ध्यानात ठेवावं?

जरूर जावं. पुरानंतर गिऱ्हाईक हीच मोठी मदत. जमेल तिथं रोख द्यावं, उधारी टाळावी. एखादा रंग किंवा माप मिळालं नाही तर चार दिवसांनी पुन्हा यावं. ‘पुरातला माल आहे, स्वस्तात द्या’ असा आग्रह धरू नये. विजेची उपकरणं, औषधं आणि खाण्याच्या वस्तू मात्र पक्क्या बिलावर, नव्या पॅकिंगमधल्याच घ्याव्यात. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपाशी उभं राहून फोटो काढण्याआधी ते कुणाचं तरी घर आहे, एवढं आठवावं.

2019 मध्ये चिकोडी, निपाणी, गोकाकनंही पूर पाहिला. जीएसटीचा आणि विम्याचा हिशोब इथल्या दुकानदारालाही तोच लागू आहे. लक्ष्मीपूजनाला वही-खातं पुजाल तेव्हा विम्याचा कागदही काढून बघा. पुराचं पाणी त्यात धरलंय का, आणि रक्कम आजच्या मालाएवढी आहे का, हे दोनच प्रश्न एजंटला विचारा. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.