प्रीस्ट मंत्र अर्ध्यावर का सोडतो?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ मूळ रूपात खेळणाऱ्याच्या पडद्यावर हे हमखास दिसतं. प्रीस्ट, म्हणजे साथीदारांना बरं करणारा पुरोहित, हात उंचावतो, तळव्यांत प्रकाश गोळा होतो आणि मंत्र पुरा व्हायच्या आत तो हात खाली घेतो. लगेच पुन्हा तेच. समोर योद्धा राक्षसाचा मार खात असताना हे कशासाठी?

उत्तर निळ्या पट्टीत आहे. ती पट्टी म्हणजे ‘माना’, मंत्रशक्तीचा साठा. २००४ साली आलेल्या मूळ खेळात ‘ग्रेटर हील’ हा बरं करणारा मोठा मंत्र पुरा व्हायला एरवी ३ सेकंद लागतात आणि माना वजा होतो तो मंत्र पुरा झाल्यावरच. तेवढ्यात दुसऱ्या कुणी योद्ध्याला बरं केलं, तर आपला मंत्र म्हणजे भरल्या हंड्यात ओतलेलं पाणी. म्हणून जाणता प्रीस्ट घाव बसण्याआधीच मंत्र सुरू करतो. घाव बसला तर पुरा करायचा, चुकला तर सोडून द्यायचा. साठ्याला धक्का लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. माना खर्च झाला की ‘स्पिरिट’ या गुणामुळे होणारी भरपाई ५ सेकंद थांबते. सोडलेल्या मंत्राने मात्र हे घड्याळ नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे हात सतत हलत असूनही पट्टी भरत राहते. मला खेळातली ही रचना फार हुशारीची वाटते. ४० जणांच्या ‘मोल्टन कोअर’ मोहिमेत लढाई लांबली की छोट्या जखमांसाठी अनुभवी प्रीस्ट त्याच मंत्राची खालची, स्वस्त पातळी वापरत आणि मोठा मंत्र योद्ध्यासाठी राखून ठेवत.