नागपूर सोडून बैरागडला

नागपुरात डॉ. स्मिता कोल्हे यांची होमिओपॅथीची प्रॅक्टिस उत्तम चालली होती. ती बंद करून त्या लग्नानंतर मेळघाटातल्या बैरागडला गेल्या. अमरावती जिल्ह्यातलं, धारणी तालुक्यातलं हे कोरकू आदिवासींचं गाव. त्या काळी तिथं पोचायला हरिसालपासून चाळीस किलोमीटर पायपीट करावी लागे.

लग्नाआधी त्यांचे होणारे पती डॉ. रवींद्र कोल्हे यांनी चार अटी घातल्या होत्या: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला चारशे रुपयांत संसार आणि गरज पडली तर इतरांसाठी भीक मागणं. चारशेचा हिशेबही साधा होता. रवींद्रभाऊ रुग्णाकडून तपासणी फी घेत ती पहिल्यांदा दोन रुपये, पुढच्या खेपेला एक रुपया; संसार त्यातच भागवायचा.

गावानं लगेच आपलं म्हटलं नाही. कोल्हे दांपत्याचं पहिलं बाळ गंभीर आजारी पडलं, तेव्हा गावकऱ्यांनीच शहरात न्यायचा सल्ला दिला. गावातल्या मुलांवर होतात तेच उपचार आपल्या बाळावरही करायचे, असं स्मिताताईंनी ठरवलं. बाळ वाचलं आणि गावाचा विश्वास बसला.

मग लोक जनावरं आणि पिकांच्या अडचणीही घेऊन येऊ लागले. रवींद्रभाऊ त्याही विद्या शिकले, कारण गावातल्या कुपोषणाचं मूळ रिकाम्या कोठीत होतं.

2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. गावी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी त्या चार अटी घरच्यांसोबत एकदा जरूर वाचाव्यात.