घरगुती ध्वनिक्षेपकाची रचना : पेटी, नलिका आणि क्रॉसओव्हर

घरी ध्वनिक्षेपक तयार करताना पेटीचे आकारमान बहुधा अंदाजाने ठरविले जाते. वस्तुतः ते वूफरच्या गुणधर्मांवरून ठरवावे लागते. नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० चे दशक) यांच्या ऑस्ट्रेलियातील संशोधनामुळे वूफरची अनुनाद वारंवारता, एकूण क्यू-मूल्य आणि त्याच्या लवचिकतेशी समतुल्य हवेचे आकारमान या तीन राशींवरून पेटीची रचना करणे शक्य झाले.

नलिकायुक्त पेटीत नलिकेतील हवा वस्तुमानाप्रमाणे, तर पेटीतील हवा स्प्रिंगप्रमाणे कार्य करते. ३० लिटरच्या पेटीत ७ सेंमी. व्यासाची, १० सेंमी. लांबीची नलिका बसविल्यास सुमारे ५० हर्ट्झला अनुनाद मिळतो. या वारंवारतेला वूफरच्या शंकूची हालचाल किमान असते. तिच्या बरीच खाली मात्र हवेचा आधार सुटतो आणि मोठ्या आवाजात वूफर निकामी होण्याचा संभव असतो.

क्रॉसओव्हर हा उच्च वारंवारता ट्वीटरकडे व नीच वारंवारता वूफरकडे वळवितो. ८ ओहम रोध व ३,००० हर्ट्झ विभाजन-वारंवारता गृहीत धरल्यास प्रथम श्रेणीच्या रचनेत ट्वीटरच्या एकसरीत ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व वूफरच्या एकसरीत ०.४२ मिलिहेन्रीचे कॉइल येते. तथापि हे गणित रोध स्थिर मानते. प्रत्यक्षात वूफरच्या कॉइलमुळे वारंवारतेबरोबर त्याचा संरोध वाढत जातो व विभाजन अपेक्षित ठिकाणी होत नाही.

सारांश, वूफरवर छापलेला ‘८ ओहम’ हा आकडा पुरेसा नाही. संरोध मोजूनच घटकांची मूल्ये निश्चित करणे इष्ट ठरते.