अंड्यांची अदलाबदल

पक्ष्यास संस्कृतांत ‘द्विज’ म्हणतात. एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हां तें अंडें फोडून, असा तो दोनदां जन्मतो. या दोन जन्मांच्या मध्यंतरीं मातापित्यांच्या अंगचें विष अपत्यास कसें भोंवतें, हें दाखविणारा एक प्रयोग आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत फॉक्स नदी मिशिगन सरोवराच्या ‘ग्रीन बे’ नामक आखातास मिळते. तिच्या कांठीं कागदाच्या गिरण्या आहेत. मध्यें कार्बन न घालतां नक्कल उमटणाऱ्या कागदांत १९५४ पासून १९७१ पर्यंत ‘पीसीबी’ हें रसायन वापरीत. तें सांडपाण्याबरोबर नदींत गेलें. हें द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, चरबींत मात्र मुरतें. त्यामुळें पाण्यावर सूर मारून मासे टिपणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या अंगीं तें सांचलें, आणि मादीच्या चरबींतून अंड्याच्या बलकांत उतरलें.

१९८३ सालीं, म्हणजे कागदांतील वापर थांबून बारा वर्षें लोटल्यावर, संशोधकांनीं तेथील फॉर्स्टर जातीच्या सुरयांची तुलना पॉयगन या बऱ्याच स्वच्छ सरोवरावरील सुरयांशीं केली. यंत्रांत उबविलीं असतां ग्रीन बेचीं अंडीं सुमारें निम्म्यानें कमी फुटलीं. जीं पिलें निघालीं तीं वजनांत सुमारें शेंकडा २० नीं उणीं. देहाच्या मानानें यकृत मात्र शेंकडा २६ नीं मोठें. विषाचा निचरा करण्याची मजुरी त्या इवल्या यकृताच्या वांट्यास जन्मापूर्वींच आली होती!

दोष बलकाचाच, असें येथें कोणीही म्हणेल. परंतु संशोधकांनीं अंड्यांची अदलाबदल केली. ग्रीन बेचीं अंडीं पॉयगनच्या घरट्यांत ठेवितां पुष्कळच अधिक फुटलीं. उलट पॉयगनचीं चांगलीं अंडीं ग्रीन बेच्या घरट्यांत वायां गेलीं. तेथें आईबाप घरटीं सोडून जात, अंडीं नाहींशीं होत, आणि उबवणी पॉयगनपेक्षां सुमारें ८ दिवसांनीं लांबे.

शाळेंत शिकवीत असतां, अशक्त मूल दिसलें कीं ‘आईचें लक्ष नाहीं’ असें म्हणून आम्ही मोकळे होत असूं. ग्रीन बेच्या त्या पक्षिणींचेंही लक्ष नव्हतें खरें. पण बलकांत उतरलेलें तें विष प्रथम त्यांच्याच अंगांत भिनलें होतें.

अमेरिकेंत या रसायनाच्या निर्मितीवर १९७९ सालीं बंदी आली. फॉक्स नदीच्या तळचा गाळ उपसण्याचें काम मात्र २०२० सालापर्यंत चाललें होतें.