चेंडू स्थिर, मन अस्थिर
गोल्फच्या मैदानावरून आपल्या मुलांसाठी काही धडे

गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ. चेंबूरच्या गोल्फ मैदानाची हिरवळ आपल्यापैकी अनेकांनी कुंपणाबाहेरून पाहिली असेल, येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकात बसची वाट पाहिली असेल. आत आपला माणूस गेला तो बहुधा गवत कापायला किंवा साहेबाची काठ्यांची पिशवी उचलायला. मग कुटुंबाच्या पानावर हा खेळ कशाला, असे वाचक विचारतील. उत्तर सरळ आहे. दडपणाखाली माणसाचे मन कसे वागते आणि ते कसे घडवता येते, हे या खेळात फार उघडपणे दिसते. आणि परीक्षेचे, मुलाखतीचे, साहेबापुढे उभे राहण्याचे दडपण आपल्या घरांना नवे नाही.

विचार करायला फार वेळ

क्रिकेटमध्ये चेंडू वेगाने अंगावर येतो. फलंदाजाला विचार करायला सवडच नसते. गोल्फचा चेंडू जमिनीवर शांत पडलेला असतो. त्याला कोणी अडवत नाही, कोणी परतवत नाही. खेळाडूने काठीने तो मारायचा आणि शेवटी १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात घालायचा. या भोकाला होल म्हणतात. अशी अठरा होल पुरी करायला चार तासांहून अधिक वेळ लागतो, पण प्रत्यक्ष फटके मारण्यात जातात ती थोडीच मिनिटे. बाकी सारा वेळ चालण्यात आणि विचार करण्यात जातो. ‘हा फटका चुकला तर?’ हा प्रश्न तिथेच मनात शिरतो.

ऑस्ट्रेलियाचे ग्रेग नॉर्मन हे एके काळी जगातले पहिल्या क्रमांकाचे खेळाडू. १९९६ साली अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी ते सहा फटक्यांनी पुढे होते. संध्याकाळी ते पाच फटक्यांनी हरले होते. इंग्लंडच्या निक फाल्डो यांनी त्यांना गाठले आणि मागे टाकले. नॉर्मन यांचे कसब एका रात्रीत कुठे गेले नव्हते. एक चूक झाली, तिचा विचार पुढच्या फटक्यात आला आणि चुकांची माळ लागली.

सायन बाइलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फपटूंवर प्रयोग करून याचे एक कारण दाखवले. अंगवळणी पडलेली गोष्ट करताना तरबेज माणूस जर ‘हात कसा वळतो, मनगट कुठे आहे’ असे एकेक पाऊल तपासू लागला, तर त्याचा फटका बिघडतो. जिना भराभर उतरणाऱ्या माणसाने प्रत्येक पायरीला पायाकडे पाहिले तर तो अडखळेल, तसेच हे. दडपण आले की आपण नेमके हेच करतो. हात जे जाणतात ते काम भेदरलेले डोके हातांकडून काढून घेते.

चार्ली सिफोर्ड : पिशवी वाहणारा मुलगा

पण सगळ्यांवरचे दडपण सारखे नसते. काहींना खेळाच्या ओझ्याबरोबर जन्माचे ओझेही वाहावे लागते.

चार्ली सिफोर्ड यांचा जन्म १९२२ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपणी ते गोऱ्या लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहत. अशा पोराला कॅडी म्हणतात. पिशवी वाहता वाहता ते खेळ शिकले. पण अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच लिहून ठेवले होते, की सभासद फक्त गोऱ्या वंशाचा असेल. पिशवी उचलायला काळा हात चालत होता, काठी धरायला चालत नव्हता. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९४७ साली बेसबॉलच्या गोऱ्या किल्ल्यात शिरलेले जॅकी रॉबिन्सन यांच्याशी सिफोर्ड बोलले. रॉबिन्सन यांनी त्यांना एवढेच विचारले, की तू मध्येच सोडून देणाऱ्यांपैकी आहेस काय? तसा असशील तर या वाटेला जाऊ नकोस.

सिफोर्ड यांनी सोडले नाही. १९६१ साली ग्रीन्सबरो येथील स्पर्धेत पहिल्या दिवशी ते आघाडीवर होते. त्या रात्री त्यांना फोनवरून जिवे मारण्याची धमकी आली. आपण उद्या खेळायला येणारच, असे त्यांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी गोऱ्या तरुणांचे एक टोळके शिव्या देत त्यांच्या मागोमाग मैदानभर फिरले. तरी सिफोर्ड यांनी त्या स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. ऐन फटका मारताना मागून शिवी ऐकू येत असेल तर हात स्थिर ठेवायला काय लागत असेल, याची कल्पना करा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते वर्णद्वेषी कलम रद्द झाले. सिफोर्ड तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. तरीही त्यांनी १९६७ आणि १९६९ साली मोठ्या स्पर्धा जिंकल्या. मास्टर्सचे निमंत्रण मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. तिथे खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ली एल्डर १९७५ साली उतरले. २०१४ साली सिफोर्ड यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०१५ साली ते वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ते कलम केवळ सिफोर्ड यांच्या मनोधैर्याने गेले नाही. कॅलिफोर्निया राज्याचे अॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांनी कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा संघटना नमली. मन खंबीर असावेच, पण मन खंबीर करा म्हणजे अन्याय आपोआप संपेल असे कोणी सांगू लागला तर त्याच्यापासून सावध राहावे. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाबरोबर संघटन आणि संघर्षही सांगितला, तो याचसाठी.

नाव पुकारले की हात का थरथरतो?

१९९९ साली अमेरिकेत जेफ स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फचाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना चेंडू भोकात घालायला दिला. काहींना सांगितले, की ही खेळातल्या बुद्धीची चाचणी आहे. तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांचा खेळ खालावला. काहींना सांगितले, की ही अंगच्या क्रीडागुणांची चाचणी आहे. तेव्हा गोऱ्यांचा खेळ खालावला. खेळ तोच होता, शब्द बदलले होते. आपल्या समूहाविषयी जगात जी हलकी समजूत आहे ती खरी ठरेल की काय, ही भीतीच हात बिघडवते.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ६४२ मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. त्यांचा अहवाल २००४ साली आला. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या जवळपास बरोबरीने चालली. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा त्याच दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी दोन मिनिटांत कमी होत नाही. जड झाले ते मन.

आपली मुलगी मुलाखतीच्या खोलीत शिरते तेव्हा आडनाव ऐकून समोरच्याच्या कपाळाला पडलेली आठी तिला दिसते. वर्गात ‘तुमचे काय, तुम्हाला सवलत आहे’ हे वाक्य तिने ऐकलेले असते. तिचा घसा कोरडा पडला तर तो तिचा दुबळेपणा समजू नये. ते बाहेरून लादलेले ओझे आहे. ते आपले नाही, हे तिला घरातून स्पष्ट सांगितले गेले तर निम्मे काम होते.

टायगर वूड्स : आईची शिकवण, बापाची तालीम

टायगर वूड्स यांचे नाव आपण ऐकले असेल. वडील अर्ल कृष्णवर्णीय, व्हिएतनाम युद्धात लढलेले सैनिक. आई कुल्टिडा थायलंडच्या बौद्ध. टायगर फटका मारणार तोच वडील खिशातली नाणी खुळखुळवत, पिशवी दाणकन आपटत, मध्येच खोकत. छळण्याचा हेतू नव्हता. सहन होईना तर थांबवण्यासाठी दोघांनी एक शब्द ठरवून ठेवला होता. बाहेर जे घडणार त्याची तालीम प्रेमाच्या माणसाने आधी घरात दिली.

१९९७ साली एकवीस वर्षांचे टायगर मास्टर्समध्ये उतरले. पहिल्या नऊ होलमध्ये त्यांना ४० फटके लागले, म्हणजे खेळ फारच वाईट झाला. पुढच्या नऊ होलमध्ये लागले फक्त ३०. चार दिवसांनी ते १२ फटक्यांनी जिंकले. झालेल्या चुकीचा हिशेब त्यांनी नवव्या होलपाशीच सोडला. सिफोर्ड, एल्डर यांच्यासारख्यांनी वाट केली म्हणून आपण इथवर आलो, हे त्यांनी मान्य केले. पुढे मुलाचे नाव त्यांनी चार्ली ठेवले.

कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९ साली त्यांचे खासगी जीवन ढासळले. फेब्रुवारी २०१० मध्ये जगासमोर उभे राहून, आईने शिकवलेल्या बौद्ध धम्मापासून आपण दूर गेलो, तृष्णेच्या मागे लागलो, अशी कबुली त्यांनी दिली. हाताला साधलेली एकाग्रता शीलाचा आधार नसेल तर माणसाला वाचवत नाही. पुढे पाठीच्या शस्त्रक्रिया सोसून २०१९ साली त्यांनी पुन्हा मास्टर्स जिंकली.

घरी काय करता येईल?

महागड्या क्लासची गरज नाही. गोल्फपटू करतात ते आपल्या खोलीतही करता येते.

पहिले, दडपणाची तालीम. मुलाला घड्याळ लावून तीन तास जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा. नळावरचा गलका, शेजारचा टीव्ही चालू असू द्या. रविवारी विहारात चार मोठी माणसे टेबलामागे बसवून तरुण-तरुणींची खोटी मुलाखत घ्या. आडवे प्रश्नही विचारा, मात्र अपमान करू नका.

दुसरे, ठरलेला क्रम. चांगला गोल्फपटू प्रत्येक फटक्याआधी त्याच त्या हालचाली त्याच क्रमाने करतो. पेपर हाती आला की आधी श्वास, मग सगळे प्रश्न वाचणे, मग येणाऱ्या प्रश्नावर खूण, मग लिहिणे. क्रम अंगवळणी पडला की भीतीला शिरायला फट राहत नाही.

तिसरे, श्वास. आनापान करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. घाबरल्यावर तो हळूहळू सोडायचा. रोज दहा मिनिटे सराव असेल तरच तो ऐनवेळी कामी येतो. सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती ही रोजची कामे आहेत.

चौथे, पुढचा फटका. एक प्रश्न चुकला तर त्याचा शोक पेपर संपल्यावर करावा.

पाचवे आई-वडिलांसाठी आहे. ‘तुझ्यासाठी रक्त आटवले आणि एवढेच मार्क?’ हे वाक्य पुढच्या परीक्षेत मुलाच्या खांद्यावर बसते. त्याऐवजी कुठे अडले ते विचारा आणि जेवायला वाढा. मार्कांपेक्षा मूल मोठे आहे, हे त्याला निकालाच्या दिवशी कळले पाहिजे.

आणि बाबासाहेबांचे चरित्र सांगताना पदव्यांची यादी सांगून थांबू नका. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, त्या माणसाने १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा केला, हे सांगा. १९१७ ते १९२० या तीन वर्षांत त्यांनी काय सोसले आणि काय केले, ते मुलांना शोधून काढायला लावा. दडपणाखाली उभे कसे राहावे याचा आपल्या घरातला पहिला पाठ तोच आहे.